सोमवारचं पोट

बत्ताशाचं पोट सोमवारी बिघडायचं. बाकीच्या वारी त्याची काही तक्रार नसे; खायचा, भुंकायचा, दूधवाल्याच्या पायात घुटमळायचा आणि सोफ्यावर आपली जागा असल्यासारखा पसरायचा. सोमवार उजाडला की मात्र कुठल्या तरी कोपऱ्यात पाठीची कमान करून उभा राही. म्हणून सोमवारी पहाटे पलंगावरून उतरताना दीपाली आधी मोबाइलचा उजेड फरशीवर फिरवी, आणि मगच पाय खाली टाकी.

बत्तासा म्हणजे पांढराशुभ्र पॉमेरेनियन. अंगावरच्या केसांचा फुगारा वजा केला तर आत जेमतेम मूठभर कुत्रा. दीपालीच्या लेकीनं, तनुजानं, कॉलेजात असताना हट्टानं आणलेला. मग तिला हैदराबादला नोकरी लागली. जाताना ती आईला म्हणाली, थोडे दिवस सांभाळशील ना. तिला आता तिथं घर झालं, गाडी झाली, पण तिचे थोडे दिवस काही संपले नाहीत.

त्याच्या पोटापायी कोथरूडच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराची भाषाच बदलून गेली होती. दीपालीचा नवरा अनिरुद्ध हिंजवडीला मोठ्या हुद्द्यावर होता, मीटिंगमध्ये माणसं त्याला दबकून असत. पण दुपारी घरी फोन केला की त्याचा पहिला प्रश्न ‘पातळ की घट्ट?’ हाच असे. घरातली माणसं जेवली की नाही, हे त्यानं कित्येक महिन्यांत विचारलं नव्हतं.

पथ्य मात्र चोख होतं. त्यात कुणी बोट ठेवावं अशी जागा दीपालीनं ठेवली नव्हती. प्राण्यांच्या डॉक्टर अक्षता, वयानं तनुजाएवढ्याच, त्यांनी सांगितलं तसं कातडी काढलेलं चिकन बिनमिठाचं उकडायचं, हातानं बारीक कुस्करायचं, त्यात मऊ भात आणि लाल भोपळ्याचा गर. वरून पोटाची पावडर. दूध नाही, चीज नाही, बिस्किट नाही. पोट बिघडलं की काही तास उपास, मग चमचा-चमचा भात. हे सगळं दीपाली ऑफिसला जायच्या आधी करून डब्यात भरून ठेवी. स्वतःच्या डब्यात कालची भाजी असायची, ते निराळं.

दुपारचं जेवण बत्ताशाला तात्या वाढत.

तात्या म्हणजे तात्याराव, अनिरुद्धचे वडील. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन लातूरला राहिले होते. बायको, चंद्रभागाबाई, गेल्यावर थोरल्या मुलाकडे पुण्याला आले. कमी बोलणारा माणूस. सकाळी आंघोळ झाली की बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावायचे, त्रिसरण-पंचशील म्हणायचे, आणि मग चहाला बसायचे. पंचशीलातलं चौथं, खोटं बोलणार नाही, हे त्यांनी नोकरीतही इतकं मनावर घेतलं होतं की त्यांच्या बदल्या फार झाल्या.

सुरुवातीला तेच सापडले होते. म्हणजे सापडले असंही नाही, त्यांनी स्वतःच सांगितलं. डॉक्टर अक्षतांनी पहिल्यांदा विचारलं, याला वरचं काही कुणी देतं का, तेव्हा तात्यांनी शाळेतल्या मुलासारखा हात वर केला. म्हणाले, जेवताना तूप लावलेल्या पोळीचा शेवटचा तुकडा मी देतो, आजपासून बंद. आणि दुसऱ्या दिवसापासून शेवटचा तुकडा स्वतः खाऊ लागले.

इतर वारांचं त्यानं खरंच सुधारलं. सोमवार मात्र हटेना.

सोमवारी बिघडतं म्हणजे रविवारी काहीतरी पोटात जातं, एवढं कळायला डॉक्टर नको. रविवार हा दीपालीचा एकच सुट्टीचा दिवस. आठवड्याची तुंबलेली सगळी कामं ती त्यात कोंबायची: कपड्यांचा ढीग, भाजी निवडणं, फ्रिज पुसणं, तात्यांचे तळपाय चोळून देणं, केसांना मेंदी. आणि दुपारी मटण. तेव्हा संशय आधी मटणावर गेला. हाडं दुहेरी पिशवीत बांधून थेट खाली नेऊन टाकायला सुरुवात झाली. सोमवार आला तो आलाच. मग मटणच बंद झालं. अनिरुद्ध रविवारी वरणभात खाऊ लागला आणि कुत्र्याकडे अशा नजरेनं बघू लागला की दीपालीनं बत्ताशाला त्याच्याजवळ एकटं बसू देणं सोडलं. तरी सोमवार आलाच. मग कचऱ्याच्या डब्याला झाकण आलं, शेजारच्या कौशल्याकाकूंना बत्ताशाचे लाड बंद करा म्हणून सांगून झालं, आणि त्यांचं दोन आठवडे तोंड फिरवून झालं. काही उपयोग नाही.

रविवारी संध्याकाळी बत्ताशाचं नाकाखालचं पांढरं काळपट होतं, हेही दीपालीनं पाहिलं होतं. खाली पार्किंगमध्ये स्कूटरींखाली तोंड घालत असणार, असं धरून ती ओल्या फडक्यानं ते पुसून टाकी.

सगळीकडून फिरून मग नजर बाल्कनीजवळच्या खुर्चीवर जाते. त्या खुर्चीत तात्या बसत आणि त्यांच्या पायाशी बत्तासा. दीपालीनं पहिल्यांदा विचारलं ते अगदी सहज, पदर सारखा करत विचारावं तसं. तात्या, काही दिलं नाही ना याला? ते म्हणाले, नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. मग ते विचारणं सोमवारचंच होऊन बसलं. तिला कळत होतं, आपण एकच प्रश्न परत परत विचारतो म्हणजे आधीचं उत्तर आपल्याला पटलेलं नाही, असाच त्याचा अर्थ होतो. कळत होतं आणि तरी ती विचारत होती. एका सोमवारी तात्यांनी उत्तरच दिलं नाही. पेपराचं पान उलटलं.

त्यानंतरचा सोमवार वाईट गेला. बत्तासा उलट्या करकरून आडवा झाला, दवाखान्यात त्याला सलाइन लावावं लागलं. एवढासा पाय, त्यावरचे केस काढलेले, त्यात सुई. डॉक्टर अक्षतांनी तपासण्या केल्या आणि स्वादुपिंडाला सूज आहे म्हणाल्या. लहान जातीच्या कुत्र्यांना तेलातुपाचं सोसत नाही, वारंवार पोटात गेलं तर हे असं होतं.

“मॅडम, घरातून कुठून तरी याला तुपकट मिळतंय,” त्या म्हणाल्या. “ते थांबलं नाही, तर पुढच्या वेळी सलाइनवर भागेल असं मी सांगू शकत नाही.”

घरी येताना रिक्षात बत्ताशाचं डोकं दीपालीच्या मांडीवर होतं. तिनं अनिरुद्धला फोन लावला आणि म्हणाली, घरात लावायचा एक कॅमेरा घेऊन या. बघू तरी एकदा.

कॅमेरा आला. अनिरुद्धनं तो शोकेसवर बसवला आणि वडिलांना सांगितलं की हा कुत्र्यावर लक्ष ठेवायला आहे, हल्ली सगळेच लावतात. तात्या उठले. कॅमेऱ्यासमोर उभे राहून त्यांनी त्याच्या डोळ्याची दिशा बघितली, मग मागं वळून खुर्चीकडे बघितलं. पाटबंधारे खात्यात त्यांनी आयुष्यभर पाणी कुठून कुठं जातं हेच तपासलं होतं.

“कुत्रा जमिनीवर असतो,” ते म्हणाले. “हे माझ्या हातांच्या उंचीवर लावलंय.”

अनिरुद्ध कोनाबद्दल काहीतरी बोलला. दीपाली काहीच बोलली नाही, आणि ते जास्त लागलं असणार.

दोन-चार दिवसांनी चहाच्या वेळी तात्यांनी जाहीर केलं की ते लातूरला जाणार, धाकट्याकडे, चेतनकडे. सोमवारच्या सकाळच्या बसचं तिकीट काढलंय. किती दिवसांसाठी, असं अनिरुद्धनं विचारलं. बघू, म्हणाले. आणि कपाटावरची मोठी बॅग खाली काढली. चार दिवसांच्या मुक्कामाला एक पिशवी पुरते, हे दीपालीला कळत होतं. त्यांनी बुद्धाची छोटी मूर्ती पंच्याच्या घडीत गुंडाळून ठेवलेली तिनं पाहिली, आणि त्या दिवशी ऑफिसात तिच्या हातून एकही काम धड झालं नाही.

तिला बोलायचं होतं. पण बोलायचं काय? माझा तुमच्यावर विश्वास आहे म्हणायचं, तर तो नव्हता. दिलं असेल तर सांगा, मी रागावणार नाही, म्हणायचं, तर सासऱ्यांना तसं म्हणण्याइतकी ती मोठी झाली नव्हती. शिवाय तिला खरोखर वाटत होतं की म्हातारा माणूस, मुकं जनावर, एकमेकांशिवाय दुपारी कुणी नाही, एखादा घास जात असेल. त्याचा राग तिला आला नव्हता. नाही म्हणतात याचा आला होता. आणि आता ते जाणार, आणि ते गेल्यावर कुत्र्याचं पोट सुधारलं तर जन्मभर तेच खरं ठरणार. सुधारावं असं तर तिला वाटत होतं. त्याच वेळी सुधारू नये असंही वाटायला लागलं होतं, आणि त्याची तिला फार लाज वाटली.

अशात रविवार आला.

दुपारी जेवणं झाल्यावर तिनं नेहमीसारखी काशाची वाटी काढली. ही वाटी चंद्रभागाबाईंची. तात्यांना साखरेचा जुना आजार, त्यानं तळपायांची आग होई. चंद्रभागाबाई तुपाचं बोट लावून वाटीनं घासून द्यायच्या. पुण्याला आल्यावर तात्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. एकदा ते बाथरूमच्या ओल्या फरशीवर नुसतेच उभे राहिलेले दीपालीनं पाहिले, आणि त्या रविवारपासून ती वाटी घेऊन खाली बसायला लागली. पहिल्यांदा त्यांनी पाय आखडून घेतले होते. मग राहू दिले.

आज ते नको म्हणतील असं तिला वाटलं होतं. म्हणाले नाहीत. तिनं तूप लावलं आणि घासत राहिली, नेहमीपेक्षा जास्तच वेळ. तूप हळूहळू काळं होत गेलं, तसं ते होतंच. लोक म्हणतात अंगातली उष्णता निघते. तिच्या मनात आलं, उद्यापासून हे कोण करील? चेतनच्या बायकोला हे माहीतही नसेल. हे सांगावं म्हणून तिनं वर पाहिलं, तर तात्यांचे डोळे मिटलेले. नेहमीसारखे पाय स्टुलावर ठेवून ते झोपी गेले होते. नेहमीसारखी ती हात धुवायला उठली. पुसायचं फडकं गच्चीत वाळत असायचं, ते अर्ध्या-पाऊण तासानं, बाकीचं आवरून झालं की ती आणायची. तोवर तूप मुरलेलं बरं.

आज तिला आवरायचं सुचेना. हात धुऊन ती नुसतीच परत आली, वाटी उचलावी म्हणून.

बत्तासा स्टुलापाशी मागच्या दोन पायांवर उभा होता. पुढचे दोन पाय स्टुलाच्या कडेवर, मान जरा तिरकी, डोळे अर्धे मिटलेले. आणि तो तात्यांचा उजवा तळपाय चाटत होता. घाईघाईनं नव्हे. टाचेपासून बोटांपर्यंत, मग बोटांच्या मधे, असा शिस्तीत, आपलं रोजचं काम करावं तसा. चाहूल लागली म्हणून त्यानं वळून बघितलं. पांढऱ्याशुभ्र तोंडावर काळीशार मिशी.

दीपालीनं त्याला उचललं आणि त्याला छातीशी धरूनच जमिनीवर बसली. तिच्या तोंडून आवाज काय निघाला ते तिला नंतर आठवेना, पण त्यानं तात्या जागे झाले.

“तात्या, हा तुमचे पाय चाटतो?”

तात्यांनी आधी पायांकडे बघितलं. एक पाय काळा, एक लख्ख.

“चाटतो की. रविवारी जरा जास्त.”

“मग सांगितलं का नाही कधी?”

“तू विचारायचीस काय दिलं. मी काही दिलं नाही.” मग ते तिच्याकडे न बघता म्हणाले, “मला तळव्यांना फारसं कळत नाही आता. जाग आली तर नुसतं गरम लागतं. मला वाटलं, लळा लागलाय याला माझा.”

हे ऐकून दीपालीला हसू फुटलं. कुत्र्याच्या मिशीचं तूप कुर्त्याला लागत होतं, आणि ती हसत होती, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. घरभर फिरून झालं होतं. मटण बंद केलं, शेजारीण दुखावली, सासऱ्यांवर कॅमेरा लावला, आणि कुत्र्याला तूप चारत होती ती स्वतः. दर रविवारी, खाली बसून, वाटीनं घोटून. पुसायला जाई तेव्हा पाय लख्ख दिसत, ते तूप मुरलं म्हणून, असं ती धरून चालली होती. आत झोपलेला अनिरुद्ध बाहेर आला तेव्हा त्याला आधी काही कळेना. कळल्यावर तो म्हणाला, म्हणजे माझं मटण फुकट गेलं. ते म्हणणं तसं रास्त होतं.

मग तिनं बत्ताशाला अनिरुद्धकडे दिलं, डोळे पुसले आणि तात्यांच्या समोर नीट बसली.

“तात्या, माझं चुकलं. तुम्ही नाही म्हणालात तेव्हाच मी थांबायला हवं होतं.”

तात्यांनी मान हलवली. ती हो म्हणून की असू दे म्हणून, हे तिला कळलं नाही. ते एवढंच म्हणाले की आधी कुत्र्याचं तोंड धुवा, बाकीचं मग.

डॉक्टर अक्षतांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, मी लोकांना दूध विचारते, चीज विचारते, पाहुणे विचारते, पायाला काय लावता हे कधी विचारलं नव्हतं. आता विचारत जाईन. तूप तर तूप, वर ते काळंही पोटात जात होतं. आज लवकर पकडलंत, बरं झालं. संध्याकाळचं जेवण टाळा, पाणी ठेवा, सकाळी थोडा भात द्या. उलटी झाली तर लगेच घेऊन या.

संध्याकाळी अनिरुद्धनं कुणाला न विचारता शोकेसवरचा कॅमेरा काढला आणि खोक्यात घालून माळ्यावर टाकला. तात्या पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही. बॅग दारापाशीच उभी होती. दीपाली स्वयंपाकघरात होती, पण तिचे कान बाहेर होते. उद्या किती वाजता निघायचं, रिक्षा बोलवू का, हे अनिरुद्धनं घाबरत घाबरत विचारलं.

“उद्या सोमवार,” तात्या पेपरामागून म्हणाले. “तुम्ही दोघं ऑफिसात. याचं पोट कोण बघणार?”

“आणि तिकीट?”

“लातूर कुठं पळून जात नाही.”

दीपालीनं गॅस बारीक केला. उगाचच. त्यावर काही ठेवलेलंच नव्हतं.

तो सोमवार अगदीच कोरा गेला असं नाही. सकाळी जरा मऊ झालं. पण उलटी नाही, कमान नाही, दुपारी भात मागून खाल्ला. खरी परीक्षा पुढच्या रविवारी होती. त्या दिवशी पाय चोळणं तात्यांच्या खोलीत झालं, कडी लावून. बाहेर बत्तासा दार ओरबाडत होता आणि असा रडत होता की कौशल्याकाकूंनी खिडकीतून विचारलं, काय हो, झालं तरी काय. दीपालीनं घासून झाल्यावर बेसन लावून तळपाय कोरडे केले, गरम पाण्याच्या फडक्यानं पुसले, वर सुती मोजे चढवले. मग दार उघडलं.

बत्तासा धावत आत आला. मोज्यांचा वास घेतला. एका पायाचा, मग दुसऱ्याचा, खात्री करून. मग मागं वळला आणि तडक स्वयंपाकघरात निघून गेला.

तात्या त्याच्या पाठमोऱ्या शेपटीकडे बघत राहिले. म्हणाले, “गेला लळा.” आणि चंद्रभागाबाई गेल्यापासून पहिल्यांदाच ते मोठ्यानं हसलेले दीपालीनं ऐकले.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात वरिष्ठांसमोर फाइल घेऊन उभी होती तेव्हा फोन वाजला. घरचा. ती माफ करा म्हणून दाराबाहेर आली, पाण्याच्या मशीनपाशी उभी राहिली.

“झाली,” तात्या म्हणाले. “बागेत, कडुलिंबाखाली.”

“घट्ट?” तिनं विचारलं. पाणी भरायला आलेल्या दोघीजणींनी एकमेकींकडे बघितलं.

“एकदम. फोटो पाठवू का? अनिरुद्धनं शिकवलंय मला पाठवायला.”

“नको, तात्या. तुम्ही सांगितलंत ना.”

पलीकडे मागं कुठंतरी बत्तासा कुणावर तरी भुंकत होता, चांगला दमदार.

“तरी सांगतो,” तात्या म्हणाले, आणि मग रंग, आकार, किती वेळ लागला, नंतर त्यानं मागच्या पायांनी माती कशी उडवली, सगळं सविस्तर सांगायला लागले. फाइल काखेत धरून दीपाली शेवटपर्यंत ऐकत राहिली.